कुऱ्हाडीशेजारी तांदूळ

मोरिओकात, दर गुरुवारी संध्याकाळी,
ओगासावारा तोमिए बाई कागद पसरतात.
चार कोपऱ्यांवर चार वजनं, त्यातलं एक
म्हणजे गोळ्यांची जुनी बाटली, वाळू भरलेली.

आज नवा शब्द, म्हणतात. दानयाकु.
माझ्या मराठी कानाला आधी दानच ऐकू येतं,
मी उगाच हात पुढे करते.
नाही, त्या म्हणतात, हे देणं नव्हे, तोडणं.
औषध तोडणं.

पहिलं अक्षर अकरा फटकाऱ्यांचं.
आधी तांदूळ. मग त्याला एक कोपरा,
सुपाची कड असते तसा.
आणि उजवीकडे, अगदी खेटून, कुऱ्हाड.
दुसरं सोळांचं: वर गवत, खाली सुख.
सुखावर गवत वाढलं की औषध होतं वाटतं,
मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत.
खालचं झाड सरळ काढ, म्हणाल्या.

झोपेची गोळी त्यांनी एकोणीस वर्षं घेतली.
नवरा वारला त्या हिवाळ्यापुरती म्हणून सुरू केलेली.
डॉक्टर नुकाया हा शब्द उच्चारायचे
निसरड्या बर्फावर पाय ठेवावा तसा,
आधी टाच, मग अंदाज.
शब्दाच्या आधी ते दुसरा एक ठेवत, गेनयाकु,
कमी करणं. अर्धी. पाव. पावातली अर्धी.
प्रत्येक पायरीला दोन महिने, कधी पाच.
निळ्या प्लास्टिकचं यंत्र, आत नखाएवढं पातं.
"हीच ती कुऱ्हाड," बाई सांगतात,
"आणि शेवटी राहिलेला तुकडा
तांदळाच्या दाण्याएवढा. अक्षर रचणाऱ्याला
कुणी आधीच सांगून ठेवलं होतं की काय."

शेजारच्या चिबा बाई हाच शब्द
पदकासारखा छातीवर लावून हिंडतात.
एका सोमवारी सगळ्या गोळ्या त्यांनी
कचऱ्याच्या पिशवीत, अगदी नीट वर्गवारी करून, टाकल्या.
गुरुवारी अँब्युलन्स आली.
पदक काही उतरलं नाही.

आणि धाकटा भाऊ सेइजी, कामाईशीचा.
समुद्र घरात शिरला त्या मार्चमध्ये
शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या पिवळ्या रेषेवर
त्याची घोंगडी. हृदयाची गोळी, साखरेची,
रक्त पातळ ठेवायची, सगळ्या पाण्यात.
अख्ख्या गावात औषधालासुद्धा औषध नव्हतं.
परिचारिकेनं फॉर्मवर लिहिलं: दानयाकु, सहा दिवस.
त्यानं तिचं पेन मागून घेतलं
आणि कुऱ्हाड खोडली. फक्त कुऱ्हाड.
"मी काही तोडलं नाही, पोरी."
कागदावर राहिला कोपऱ्यातला तांदूळ.
बाईंनी नंतर कोशात शोधलं.
असं अक्षर त्यांना सापडलं नाही.

ज्यांच्या हातात पातं, त्यांच्यासाठी शब्द आहे.
ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, त्यांना तोच
उसना देतात, मापाला ढगळ,
आणि बाही दुमडायला सांगतात.

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली.
बाईंनी आपली वही पुढे सरकवली, औषधांची,
मुखपृष्ठावर ससा. चौदा महिने कोरी पानं,
मग फेब्रुवारीत, बारीक अक्षरात:
पाव गोळी. झोप, पाच तास. स्वप्नात मासळीबाजार.
"डॉक्टरांना विचारून," त्या पटकन म्हणाल्या,
मी काही बोलले नव्हते तरी.

"परत सुरू करण्याला काय म्हणतात?"
त्या शाई घोटत राहिल्या. दगडावर तो
ओला, लांबट आवाज.
"मंगळवार," म्हणाल्या.

मग माझ्या कागदावर वाकून, चष्मा वर करून:
तुझी कुऱ्हाड तांदळावर पडतेय.
जरा उजवीकडे घे.
दोघांमध्ये श्वासाएवढी जागा ठेव.